गणित-शिक्षकाची घडण : बी.एड. अभ्यासक्रमातील गणित अध्यापन पद्धतीची चिकित्सा

गोषवारा

उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर गणित शिकविणारा शिक्षक आपल्याकडे सामान्यतः विज्ञान शाखेची पदवी घेऊन बी.एड. या व्यावसायिक अभ्यासक्रमाला येतो. या अभ्यासक्रमाचा कालावधी किती असावा, यावर गेल्या दशकात बरीच चर्चा झाली. त्या कालावधीत गणिताच्या भावी शिक्षकाला नेमके काय दिले जाते, याची चर्चा मात्र अभावानेच झाली. पदवीचे गणित आणि शाळेचे गणित यांना जोडणारा अभ्यास आपल्या अध्यापक-शिक्षणात जवळजवळ नाही आणि ही उणीव केवळ कालावधी वाढवून किंवा कमी करून भरून निघणार नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. शालेय गणितातील काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे या उणिवेचे स्वरूप स्पष्ट करून अखेरीस काही सूचना मांडल्या आहेत.

महत्त्वाचे शब्द : अध्यापक-शिक्षण, गणित अध्यापन पद्धती, आशयज्ञान, आशययुक्त अध्यापन, सराव पाठ.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका छात्राध्यापिकेचा सराव पाठ पाहण्यासाठी शाळेत गेला होता. इयत्ता सातवीचा वर्ग होता आणि घटक होता पूर्णांक संख्यांचा गुणाकार. पाठाची तयारी उत्तम होती. टाचण नेटके होते, प्रस्तावनेचे प्रश्न नेमके होते, तक्ता सुबक होता आणि फलकलेखन सरळ ओळीत होते. पाठ संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "बाई, ऋण गुणिले ऋण धन का होतं?" छात्राध्यापिका क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तो नियमच आहे." मूल खाली बसले. लेखकाने निरीक्षण-पत्रिकेत प्रत्येक कौशल्यापुढे गुण मांडले आणि त्यांची बेरीज चांगली आली. त्या पत्रिकेत मुलाच्या प्रश्नाला जागा नव्हती आणि त्या दिवशी ती उणीव लेखकाच्या ध्यानातही आली नाही.

या प्रसंगात दोष त्या विद्यार्थिनीचा मुळीच नव्हता. तिने गणित घेऊन बी.एस्सी. केले होते आणि वलय सिद्धान्ताच्या पहिल्या प्रकरणात नेमके हेच विधान सिद्ध करून परीक्षेत लिहिलेही होते. ते विधान आणि हा प्रश्न एकच आहेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पदवीच्या प्राध्यापकांना ते आपले काम वाटले नाही. अध्यापक महाविद्यालयात आम्ही तिला 'पद्धती' शिकविल्या आणि आशय तिला येतोच असे गृहीत धरले. प्रस्तुत लेख या गृहीतकाची तपासणी करतो.

२. कालावधीचा वाद

महाराष्ट्रात बी.एड. अभ्यासक्रम दीर्घकाळ एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५-१६ पासून तो दोन वर्षांचा झाला. या बदलामागे दोन दस्तऐवज होते. पहिला २००९ चा अध्यापक-शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि दुसरा न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल. या आयोगाचे मूळ महाराष्ट्रातील डी.टी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादात होते, ही बाब आपण सहसा विसरतो. अध्यापक-शिक्षणाचा बाजार ज्या राज्यांत सर्वाधिक फोफावला त्यांत आपले राज्य होते.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची विभागणी शिक्षणविषयक दृष्टिकोन, अभ्यासक्रम व अध्यापनशास्त्र आणि प्रत्यक्ष क्षेत्राशी निगडित कार्य अशा तीन क्षेत्रांत करण्यात आली. शालेय अंतरवासितेसाठी दोन्ही वर्षे मिळून २० आठवडे ठेवण्यात आले. लिंगभाव, समावेशन, अभ्यासक्रमांतर्गत भाषा, ज्ञानशाखांचे स्वरूप असे नवे विषय आले. हे विषय आवश्यकच होते आणि त्यांच्या समावेशाबद्दल तक्रार नाही. परंतु वर्ष दुप्पट झाले तेव्हा गणिताच्या भावी शिक्षकाचा गणिताशी येणारा संबंध किती वाढला, हा प्रश्न विचारला तर उत्तर निराशाजनक आहे. शालेय विषयाचे अध्यापनशास्त्र दोन भागांत विभागले गेले. त्यातील प्रकरणे मात्र बहुतांशी जुनीच राहिली : विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, पद्धती, साधने, मूल्यमापन, गणित-शिक्षकाचे गुण.

आता चक्र उलट फिरू लागले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चार वर्षांची एकात्मिक पदवी, पदवीधरांसाठी दोन वर्षांचा व चार वर्षांच्या पदवीनंतर किंवा पदव्युत्तर पदवीनंतर एका वर्षाचा बी.एड. अशी तिहेरी रचना सुचविली. चार वर्षांचा एकात्मिक कार्यक्रम २०२३-२४ मध्ये निवडक संस्थांत सुरू झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत परिषदेने प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात एका वर्षाचा बी.एड. पुन्हा दिसला. एक, दोन की चार, या आकड्यांभोवती आपली चर्चा फिरत राहते. पात्र किती मोठे असावे यावर वाद चालला आहे आणि पात्रात काय घालायचे हा प्रश्न बाजूलाच राहिला आहे.

३. आशययुक्त अध्यापन : एका चांगल्या कल्पनेची परवड

ही उणीव आपल्याकडे कोणाच्याच लक्षात आली नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'आशययुक्त अध्यापन पद्धती' हा घटक महाराष्ट्रातील विद्यापीठांनी बी.एड.च्या अभ्यासक्रमात आणला, त्यामागे हेच भान होते. आशय आणि पद्धती यांना वेगळे काढता येत नाही, कोणत्या आशयाला कोणती पद्धती हे आशयाच्या रचनेवरूनच ठरते, हा त्याचा गाभा. कल्पना अत्यंत मोलाची होती.

व्यवहारात काय घडले, हे अध्यापक महाविद्यालयांतील प्रत्येकाला ठाऊक आहे. आशयाचे विश्लेषण म्हणजे पाठ्यपुस्तकातील संज्ञा, संकल्पना, तत्त्वे व सूत्रे यांची चार रकान्यांत यादी, असे समीकरण रूढ झाले. आशयज्ञानाची चाचणी म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकावरील वस्तुनिष्ठ प्रश्न. छात्राध्यापकाने 'वर्तुळ' या घटकातील पंधरा संज्ञा लिहिल्या की त्याला वर्तुळ समजले असे आपण मानले. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाची सिद्धता अप्रत्यक्ष पद्धतीने का द्यावी लागते, विद्यार्थी तिथे का अडखळतात, 'समजा असे नाही' या वाक्याने सुरू होणारा युक्तिवाद चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला चमत्कारिक का वाटतो, यांपैकी कशाचीही चर्चा त्या चार रकान्यांत मावत नव्हती. कल्पनेचे रूपांतर कार्यपुस्तिकेत झाले आणि कार्यपुस्तिका मागील वर्षीच्या कार्यपुस्तिकेवरून उतरविल्या जाऊ लागल्या.

४. कोणते आशयज्ञान?

गणित-शिक्षकाला गणित यावे, यावर कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो 'कोणते गणित' याविषयी. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानांत या प्रश्नाला हात घातला होता. त्यांच्या मते भावी शिक्षकाच्या वाट्याला दुहेरी खंड येतो. विद्यापीठात पाऊल टाकताच शाळेतील गणित विसरावे लागते आणि शिक्षक म्हणून शाळेत परतताच विद्यापीठातील गणित विसरावे लागते. विद्यापीठातील वर्षे मग केवळ एक सुखद आठवण म्हणून उरतात, अध्यापनावर त्यांचा काही परिणाम होत नाही. ही व्यथा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या जर्मनीतील आहे. आपल्या आजच्या बी.एस्सी., बी.एड. शिक्षकाला ती तंतोतंत लागू पडते.

अमेरिकेतील ली शुलमन यांनी १९८६ साली या चर्चेला नवी परिभाषा दिली. निव्वळ विषयज्ञान व निव्वळ अध्यापनशास्त्र यांच्या पलीकडे शिक्षकाचे असे एक तिसरे ज्ञान असते. एखादी संकल्पना कोणत्या उदाहरणाने, कोणत्या आकृतीने, कोणत्या क्रमाने मांडली असता विद्यार्थ्याला गवसते आणि तिच्याविषयी कोणते गैरसमज संभवतात, याचे ते ज्ञान. त्याला आपण 'अध्यापनविषयक आशयज्ञान' म्हणू. डेबोरा बॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली गणिताच्या संदर्भात हा विचार पुढे नेला. गणित-शिक्षकाला असे काही गणित लागते, जे अभियंत्याला किंवा हिशेबनीसाला लागत नाही, असे त्यांनी दाखविले. अभियंत्याला उत्तर बरोबर आले की पुरते. शिक्षकाला मात्र चुकीचे उत्तर कोणत्या विचारातून आले, हे ओळखावे लागते.

लिपिंग मा यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. त्यांनी २३ अमेरिकन व ७२ चिनी शिक्षकांना काही साधे प्रश्न विचारले. त्यांतील एक होता : १ ३/४ ला १/२ ने भागा आणि या भागाकारासाठी एक व्यावहारिक प्रसंग तयार करा. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी शिक्षकांना भागाकार पूर्णपणे बरोबर करता आला आणि योग्य प्रसंग केवळ एकाला रचता आला. अनेकांनी 'अर्ध्याने भागणे' आणि 'दोनने भागणे' यांत गल्लत केली. सर्व चिनी शिक्षकांचे उत्तर बरोबर होते आणि सुमारे ९० टक्के शिक्षकांनी योग्य प्रसंग सांगितला. विशेष म्हणजे त्या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांहून कमी वर्षांचे होते. कालावधीच्या वादात अडकलेल्या आपणा सर्वांना हा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे.

आपल्या छात्राध्यापकांना हा प्रश्न विचारून पाहावा. 'उलट करून गुणा' हे सर्वांना येते. पावणेदोन लीटर दूध अर्ध्या लीटरच्या बाटल्यांत भरायचे तर साडेतीन बाटल्या होतील, हे मोजक्यांनाच सुचते. वास्तविक आपल्या भाषेत सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असे अपूर्णांकांसाठी स्वतंत्र व रोजच्या वापरातले शब्द आहेत. एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुले पाठ म्हणत. त्या पाठांतराचे समर्थन करण्याचा हेतू नाही. परंतु अपूर्णांकाला राशी म्हणून ओळखण्याची जी सहजता त्या शब्दांत आहे, तिचा गणित अध्यापन पद्धतीच्या एकाही प्रकरणात उपयोग होत नाही, ही बाब आपल्या अभ्यासक्रमाविषयी बरेच काही सांगते.

५. शालेय गणित 'सोपे' नाही

आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. (−३) × (−४) हा गुणाकार १२ का? वितरण गुणधर्म सर्व पूर्णांकांना लागू राहावा, एवढीच आपली अट आहे. (−३) × [४ + (−४)] ही राशी शून्य आहे, कारण कंसातील बेरीज शून्य आहे. कंस सोडविला तर पहिले पद −१२ येते. म्हणजे दुसरे पद, (−३) × (−४), हे १२ असल्याखेरीज बेरीज शून्य होणार नाही. सातवीतील विद्यार्थ्याला हे समजू शकते. बी.एस्सी.च्या वर्गात अक्षरे वापरून केलेली सिद्धता हीच आहे. गणितातील नियम कोणाच्या आज्ञेने ठरत नाहीत, आधी मान्य केलेल्या गुणधर्मांशी सुसंगत राहण्याच्या गरजेतून ते येतात, हा गणिताच्या स्वरूपाविषयीचा मोठा धडा त्या एका प्रश्नात दडलेला होता. 'तो नियमच आहे' या उत्तराने तो धडा हुकला. इतकेच नव्हे, तर गणित म्हणजे विनातक्रार पाळावयाच्या आज्ञांची यादी, हा विपरीत धडा मात्र दिला गेला.

दुसरे उदाहरण दहावीच्या भूमितीतील. समरूपतेच्या प्रकरणाचा आरंभ आपल्या पाठ्यपुस्तकात दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने होतो आणि त्याच्या आधारे प्रमाणाचे मूलभूत प्रमेय सिद्ध केले जाते. बाजूंच्या गुणोत्तराविषयीच्या प्रमेयात क्षेत्रफळ कोठून आले, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याला पडतो आणि पडायलाच हवा. यूक्लिडने हाच मार्ग घेतला होता. दोन रेषाखंडांना समान माप असेलच असे नाही, हे ग्रीकांना उमगले होते. त्यामुळे बाजूचे समान तुकडे पाडून गुणोत्तर मोजण्याचा सरळ मार्ग सर्वत्र चालत नाही, क्षेत्रफळाचा मार्ग मात्र ही अडचण टाळतो. नववीत विद्यार्थी अपरिमेय संख्या शिकतो आणि दहावीत हे प्रमेय. दोन्ही शिकविणारा शिक्षक एकच असतो, पण या दोन घटकांचा संबंध त्याच्या प्रशिक्षणात कोठेही आलेला नसतो.

तिसरे उदाहरण चुकांचे. (अ + ब)² = अ² + ब² ही चूक दर वर्षी, दर वर्गात होते. √(९ + १६) = ७ ही चूकही त्याच कुळातली. दोन्हींच्या मुळाशी 'कोणतीही क्रिया बेरजेवर वाटली जाते' ही समजूत आहे आणि ती वितरण गुणधर्माच्या यशातूनच जन्मते. म्हणजे चुकीलाही तर्क असतो. 'निष्काळजीपणा' हा शेरा मारून वही परत करणारा शिक्षक आणि या तर्कापर्यंत पोहोचून बाजूची लांबी (अ + ब) असलेला चौरस काढून दाखविणारा शिक्षक यांच्यातील अंतर म्हणजेच व्यावसायिक प्रशिक्षण होय. आपल्या अभ्यासक्रमात 'निदानात्मक चाचणी व उपचारात्मक अध्यापन' हे प्रकरण आहे. त्यात चाचणीच्या पायऱ्या शिकविल्या जातात, निदान करण्याजोगी चूक मात्र क्वचितच शिकविली जाते.

६. माध्यमाचा आणि परिभाषेचा प्रश्न

क्लाइन यांच्या दुहेरी खंडात आपल्याकडे आणखी एका खंडाची भर पडते. तो भाषेचा आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी इंग्रजीतून बी.एस्सी. करतो, अनेकदा मराठीतून बी.एड. करतो आणि नोकरीत त्याला मराठी माध्यमाचे किंवा सेमी इंग्रजीचे वर्ग मिळतात. सेमी इंग्रजीच्या वर्गात पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण मराठी आणि विद्यार्थ्याचे विचार कोणत्याच भाषेत पूर्ण नाहीत, अशी अवस्था होते. या परिस्थितीत गणित कसे बोलावे, याचे प्रशिक्षण दिले जात नाही.

मराठी परिभाषा बोजड आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु परिभाषा उलगडून दाखविणारा शिक्षक असेल तर हीच परिभाषा मदतीला येते. 'मेय' म्हणजे मोजण्याजोगे. चौरसाची बाजू आणि कर्ण यांना एकाच मापाने पूर्णपणे मोजता येत नाही, हा अर्थ 'अपरिमेय' या शब्दातून उलगडून दाखविता येतो. 'एकरूप' आणि 'समरूप' यांतील भेद शब्दांनीच सांगितला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील संख्यावाचनाच्या पद्धतीवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. 'बावीस' की 'वीस दोन' यावर विधिमंडळापासून विनोदी संदेशांपर्यंत सर्वत्र चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका जाहीरपणे मांडली. भाषेचा गणिताच्या आकलनाशी काय संबंध आहे, हा त्या वादातील मूळ प्रश्न अध्यापक-शिक्षणाच्या कक्षेतील होता. तरीही आम्ही अध्यापक महाविद्यालयांतील मंडळी त्या चर्चेत जवळपास नव्हतो, हे मान्य केले पाहिजे.

७. सराव पाठाचे मूल्यमापन

सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाले आणि आपल्याकडे ते ३६ मिनिटांच्या चक्रात स्थिरावले : ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा-सहा मिनिटे. प्रश्न-कौशल्य, फलकलेखन, चेतक-बदल, प्रबलीकरण अशी कौशल्ये सुटी करून त्यांचा सराव केला जातो. नवख्या व्यक्तीची भीड चेपण्यासाठी हे उपयुक्त आहे. परंतु प्रश्न-कौशल्य विषयनिरपेक्ष असते, हे त्यामागील गृहीतक गणिताच्या बाबतीत तपासून पाहिले पाहिजे. किती प्रश्न विचारले याची नोंद आपण घेतो. 'यापुढे काय येईल?' आणि 'हे नेहमीच खरे असेल का?' हे दोन प्रश्न गणिताच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न दर्जाचे आहेत, परंतु पत्रिकेत त्यांना सारखेच वजन मिळते.

जपानमधील शिक्षकांची पाठ-अभ्यासाची परंपरा येथे आठवते. शिक्षकांचा गट मिळून एक पाठ तयार करतो, एक जण तो शिकवितो, इतर जण विद्यार्थ्यांचे विचार टिपतात आणि नंतर पाठावर चर्चा होते. तेथे परीक्षा पाठाची असते, पाठ घेणाऱ्याची नसते. आपल्याकडे छात्राध्यापक गुणांच्या धास्तीने निर्धोक घटक निवडतो, सोपी उदाहरणे घेतो आणि वर्गात प्रश्न येऊ नयेत अशी प्रार्थना करतो. अंतरवासितेचे आठवडे वाढले तरी ही वृत्ती बदलली नाही, तर त्या आठवड्यांत शाळेला रजा-बदली शिक्षक मिळतो, इतकाच लाभ.

८. पात्रता आणि निवड

अध्यापक-शिक्षणात जे मोजले जात नाही, ते नेमणुकीच्या वेळी तरी मोजले जाते काय? शिक्षणहक्क अधिनियम, २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी 'विज्ञान व गणित' मिळून किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. त्यामुळे वनस्पतिशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा पदवीधर गणित शिकवितो. यात गैर काही नाही, मात्र त्याने बारावीनंतर गणिताला फारसा हात लावलेला नसतो, याची दखल प्रशिक्षणाने घ्यायला हवी. महाराष्ट्रात २०१३ पासून घेतल्या जाणाऱ्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे आहेत. ही परीक्षा आठवीपर्यंतच्या शिक्षकांसाठी आहे. पवित्र प्रणालीद्वारे भरतीसाठी २०१७ पासून घेतली जाणारी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०० गुणांची असून त्यांत १२० गुण अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे आहेत. उमेदवाराच्या अध्यापन विषयाची स्वतंत्र परीक्षा तीत नाही. म्हणजे नववी-दहावीला गणित शिकविणाऱ्या व्यक्तीचे अध्यापनविषयक आशयज्ञान पदवीपासून नेमणुकीपर्यंत एकदाही तपासले जात नाही, असे घडू शकते.

९. दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मग गणिताच्या एम.एस्सी. पदवीधरांनाच शिक्षक नेमावे. हा उपाय वाटतो तितका खात्रीचा नाही. डेव्हिड मंक यांनी १९९४ साली अमेरिकन माध्यमिक शाळांविषयी केलेल्या अभ्यासात, शिक्षकाने घेतलेल्या पदवीस्तरीय गणित अभ्यासक्रमांचा लाभ साधारण पाच अभ्यासक्रमांनंतर घटत जातो, तर गणित-अध्यापनाचे अभ्यासक्रमही विद्यार्थ्यांच्या प्रगतीस हातभार लावतात, असे आढळले. शिक्षकाने अधिक उंच चढावे ही अपेक्षा नाही. ज्या पायऱ्यांवरून तो आला त्या उंचावरून नीट पाहाव्यात, ही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या शाळांतील खरे प्रश्न जात, वर्ग, लिंगभाव यांचे आहेत आणि आशयावर भर दिल्यास सामाजिक भान मागे पडेल, असे काही सहकाऱ्यांना वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे विरोध कल्पिलेला आहे. शहरी मध्यमवर्गीय मुलाला शाळेत उत्तर मिळाले नाही तर खासगी शिकवणी असते, घरी शिकलेले पालक असतात. शिक्षणात पहिलेच पाऊल टाकणाऱ्या कुटुंबातील मुलीला शाळेतील शिक्षक हा एकमेव आधार असतो. तिच्या 'का' या प्रश्नाला 'नियमच आहे' असे उत्तर मिळाले की गणित आपल्या कुवतीबाहेरचे आहे, असा निष्कर्ष ती काढते आणि विज्ञानाची वाट तिच्यापुरती तेथेच बंद होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या गणितविषयक गटाने, प्रा. आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली, गणित-शिक्षणाचे चार प्रमुख दोष सांगितले होते : बहुसंख्य मुलांमधील भीती व अपयशाची भावना, हुशार व मागे पडणारे अशा दोघांनाही निराश करणारा अभ्यासक्रम, यांत्रिक मूल्यमापन आणि शिक्षकांची अपुरी तयारी. चौथा दोष दूर झाल्याखेरीज पहिले तीन हटणार नाहीत. त्या अर्थाने शिक्षकाचे गणित हा सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे.

१०. काही सूचना

(अ) गणित अध्यापन पद्धतीच्या जोडीने 'शालेय गणिताचा सखोल अभ्यास' असा स्वतंत्र, श्रेयांकयुक्त विषय असावा. संख्याप्रणालींचा विस्तार, गुणोत्तर व प्रमाण, बीजगणितातील अक्षरांचे विविध अर्थ, भूमितीतील सिद्धता आणि संभाव्यता हे पाच विभाग पुरेत. तो गणित विभागातील व अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापकांनी मिळून शिकवावा.

(आ) प्रत्येक छात्राध्यापकाने अंतरवासितेत विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष वह्यांतील चुकांचा संग्रह करावा, त्यांमागील विचार शोधावा आणि त्यावर लेखन करावे. आजच्या यांत्रिक कृतिसंशोधनाहून ते अधिक उपकारक ठरेल.

(इ) निरीक्षण-पत्रिकेत किमान एक रकाना विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी व त्यांना मिळालेल्या उत्तरांच्या गणिती दर्जासाठी असावा.

(ई) छात्राध्यापकाने प्रशिक्षणकाळात स्वतः गणित 'करावे'. देवळालीच्या शाळेत शिकविणारे द. रा. कापरेकर यांचे ६१७४ सर्वपरिचित आहे. तीन अंकी संख्या घेऊन हाच प्रयोग करता येतो. सर्व अंक सारखे नसलेली संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी. ही वजाबाकी नेहमी ९९ च्या पटीत येते, कारण मधला अंक गळून जातो आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांच्या फरकाला ९९ ने गुणले जाते. म्हणून ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत केवळ नऊच संख्या संभवतात. त्या नऊ तपासल्या की प्रत्येक वाट ४९५ ला पोहोचते, हे वहीच्या एका पानावर सिद्ध होते. निरीक्षण, अनुमान, कारणमीमांसा, सिद्धता हा सारा प्रवास एका तासिकेत घडतो. उद्गामी व अवगामी पद्धतींच्या व्याख्या पाठ करून जे साधत नाही, ते या एका तासिकेत साधण्याची शक्यता अधिक.

(उ) एका वर्षाचा बी.एड. पुन्हा सुरू होणार असेल तर कपात करताना पहिली कुऱ्हाड आशयाशी निगडित अभ्यासावर पडू नये, याची दक्षता विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी घ्यावी. अनुभव असा आहे की, ज्याचा वालीच नाही तो भाग सर्वप्रथम वगळला जातो.

११. समारोप

अध्यापक-शिक्षणाच्या कालावधीविषयी निर्णय दिल्लीत होतात आणि त्यांवर आपले नियंत्रण मर्यादित आहे. परंतु गणित अध्यापन पद्धतीच्या तासिकेत काय घडावे, सराव पाठानंतर छात्राध्यापकाशी कशाविषयी बोलावे, हे आपल्या हातात आहे. त्यासाठी अध्यापक-शिक्षकाने स्वतः शालेय गणिताकडे नव्याने पाहण्याची तयारी हवी. प्रस्तुत लेखकाला ती उशिरा सुचली. सातवीच्या त्या वर्गात मूल खाली बसले तेव्हा मागच्या बाकावर निरीक्षण-पत्रिका घेऊन बसलेल्या प्राध्यापकाकडेही उत्तर तयार नव्हते, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ते त्याने नंतर शोधले. त्या मुलाला मात्र ते कधीच मिळाले नाही.